काचेच्या पोटात ओढलेली रेघ

फोटोची फ्रेम करून देणारा कारागीर काच कशी कापतो, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. फळीवर गोणपाट अंथरलेले असते. त्यावर काच ठेवायची, पट्टी धरायची, कटरचे टोक रॉकेलमध्ये बुडवायचे आणि एका दमात रेघ ओढायची. कर्रर्र असा बारीक आवाज येतो. मग काच फळीच्या कडेला आणून अंगठ्यांनी जरा दाब दिला की टक् करून दोन तुकडे. हिऱ्याच्या बारीक कणाला मराठीत हिरकणी म्हणतात. पूर्वी काच कापायच्या लेखणीच्या टोकाला तीच बसवलेली असे. आता बहुतेक कटरांना कठीण धातूचे इवलेसे चाक असते.

नीट पाहिले तर कारागीर काच कापत नाहीच. तो वरच्या अंगाला फक्त चरा पाडतो. काच लाकडासारखी किंवा पत्र्यासारखी कापली जात नाही, ती तडकते. आणि तडकायचे कुठून हे तो चरा तिला सांगतो. काच कापणाऱ्याचे सगळे कसब या सांगण्यात आहे. चरा अर्धवट राहिला, हात मध्येच थांबला, की तडा आपल्या मनाने जातो आणि काच वाया जाते. गाडीच्या बाजूची किंवा दुकानाच्या दाराची टफन्ड काच घेऊन गेलात तर तो हातसुद्धा लावणार नाही. "ही कापायची नसते, मापाचीच मागवायची," एवढे सांगून परत पाठवील.

काचेचा हा विषय घरगुती मासिकात कशाला, असे कोणी विचारील. कारण सोपे आहे. हुबळी-धारवाडकडच्या आपल्या घरांत गेल्या काही वर्षांत एक प्रश्न दोन टोकांना येऊ लागला आहे. आजीचा मोतीबिंदू काढायचा असतो आणि नातीला चष्मा घालवायचा असतो. दोन्हीकडे डॉक्टरांच्या कागदावर 'लेसर' हा शब्द असतो, शेजारी वाढीव आकडा असतो, आणि घरात चर्चा सुरू होते, की लेसरने करावे की साध्या पद्धतीने? हा लेसर नेमका काय कापतो आणि कसा, हे समजले तर ती चर्चा थोडी शहाणपणाने होईल. आणि ते समजायचे तर काचेपासून सुरुवात केलेली बरी. डोळ्याचे बुबुळ ज्या पडद्याखाली असते तो पडदा, म्हणजे कॉर्निया, काचेसारखाच पारदर्शक असतो आणि तो कापण्यातली अडचणही तीच आहे.

मराठी माणसाचे काचेशी नाते जुने आहे. लोकांकडून पैसा पैसा गोळा करून तळेगाव दाभाडे इथे पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ साली निघाला. १९१६ मध्ये ओगले बंधूंनी ओगले काच कारखाना सुरू केला, आणि कराडजवळच्या त्या वस्तीचे नाव ओगलेवाडी पडले. हुबळीहून रेल्वेने पुण्याला जाताना मिरज-सांगली मागे पडली की कराड स्टेशन लागते, ते त्याच भागात आहे. तिथला प्रभाकर कंदील किती घरांत होता हे आपल्या आजी-आजोबांना विचारा. कंदिलाची काच साच्यात फुंकून करतात. फुंकलेल्या काचेचे जास्तीचे टोक काढायची कारखान्यांतली पद्धत म्हणजे भोवती चरा आणि त्यावर आच. हत्यार वेगळे, पण युक्ती तीच, की आधी रेघ दाखवायची आणि मग तिला तडकू द्यायचे.

लेसर आला तेव्हा अनेकांना वाटले की आता काहीही कापता येईल. धातूच्या बाबतीत ते खरे ठरले. पत्रे कापणारी लेसर यंत्रे आता औद्योगिक वसाहतींतून सर्रास दिसतात. पण त्याच यंत्राखाली काच ठेवली तर किरण तिच्यातून आरपार निघून जातो आणि खालचे टेबल भाजतो. काच थंडच. पारदर्शक याचा अर्थच तो आहे, की प्रकाश आत येतो, काही न ठेवता निघून जातो. जो काही ठेवतच नाही तो कापणार कसा?

यावरचा पहिला उपाय एका बारामतीत जन्मलेल्या माणसाने दिला, हे फार थोड्यांना ठाऊक असते. चंद्रकुमार नारणभाई पटेल यांचा जन्म १९३८ चा. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकून ते स्टॅनफर्डला गेले आणि अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९६४ साली त्यांनी कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर तयार केला. त्याचा प्रकाश डोळ्याला न दिसणारा, लांब लहरीचा असतो. आपल्याला जी काच पारदर्शक वाटते ती या प्रकाशाला पारदर्शक नसते. तो काचेच्या पृष्ठभागावरच अडतो आणि तिला तापवतो. दुकानांच्या पाट्या, अॅक्रिलिकच्या नेमप्लेट, कोरीव लग्नपत्रिका ज्या यंत्रावर कापल्या जातात ते बहुधा याच जातीचे. पण काचेच्या बाबतीत हा उपाय म्हणजे ओगलेवाडीची आचच, फक्त फार बारीक केलेली. काम उष्णतेचेच. पातळ काच, नाजूक आकार किंवा जिवंत डोळा यांच्यासाठी उष्णता म्हणजे संकट.

दुसरा उपाय अधिक विचित्र आहे. त्याचे बीज लेसरच्या शोधाच्या तीस वर्षे आधी एका प्रबंधात पडले होते.

प्रकाश कणाकणाने येतो. काचेतल्या इलेक्ट्रॉनला जागेवरून उठवायचे तर एका ठरावीक मापाची ऊर्जा एकदम द्यावी लागते. साध्या प्रकाशाच्या एका कणात तेवढी नसते, म्हणून इलेक्ट्रॉन त्याच्याकडे लक्षच देत नाही, आणि म्हणून काच पारदर्शक असते. चिखलात रुतलेली गाडी डोळ्यांपुढे आणा. एकेक माणूस येऊन दिवसभर ढकलून गेला तरी ती हलत नाही. सहा-सातजणांनी एकाच क्षणी खांदा लावला तर निघते. मरिया गोपर्ट-मायर या जर्मन तरुणीने १९३१ साली गणिताने दाखवून दिले, की प्रकाशाचे दोन कण एकाच क्षणी आले तर अणू दोघांची ऊर्जा मिळून घेऊ शकतो. त्यासाठी प्रकाश किती दाट हवा याचा हिशेब पाहिला, तर त्या काळी तसा प्रकाश जगात कुठेच नव्हता. १९६० मध्ये लेसर आला आणि पुढच्याच वर्षी तिचे भाकीत प्रयोगाने खरे ठरले.

म्हणजे काच कापायची तर प्रकाशाचे पुष्कळ कण एकाच जागी, एकाच क्षणी पोचवायचे. एकाच जागी आणणे सोपे, त्याला भिंग पुरते. एकाच क्षणी आणणे अवघड. त्यासाठी प्रकाशाचा अखंड झोत उपयोगाचा नाही, अत्यंत आखूड ठोका हवा. शास्त्रज्ञ त्याला पल्स म्हणतात, आपण ठोकाच म्हणू.

किती आखूड? हुबळी स्टेशनचा फलाट घ्या. १,५०७ मीटर लांबीचा हा जगातला सर्वांत लांब फलाट म्हणून २०२३ च्या मार्चमध्ये त्याचे लोकार्पण झाले, त्याच दिवशी धारवाडच्या आयआयटीच्या नव्या आवाराचेही. हा फलाट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालून जायला आपल्याला वीस मिनिटे लागतात. प्रकाशाला पाच मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे एका सेकंदाचा दोन लाखावा भाग. आता आपल्याला हवा आहे तो ठोका सुमारे तीनशे फेम्टोसेकंदांचा. तेवढ्या वेळात प्रकाश जेमतेम माणसाच्या केसाच्या जाडीइतका सरकतो! एका फेम्टोसेकंदाचे एका सेकंदाशी जे नाते, तेच एका सेकंदाचे सव्वातीन कोटी वर्षांशी. (फेम्टो हा शब्द डॅनिश भाषेतल्या पंधरा या आकड्यावरून आला. दशांश चिन्हानंतर पंधराव्या जागी येणारा एक.)

या ठोक्यात ऊर्जा किती असते हे ऐकून गंमत वाटेल. एक मायक्रोज्यूल किंवा त्याच्या आसपास. साखरेचा एक दाणा वीतभर उचलायला साधारण तेवढी लागते. मुंगीलाही जड नाही. पण तीच ऊर्जा तीनशे फेम्टोसेकंदांत उधळली, तर त्या क्षणापुरती तिची शक्ती तेहेतीस लाख वॅट भरते. हुबळीच्या डिझेल शेडमधल्या साडेचार हजार अश्वशक्तीच्या इंजिनाइतकी. आणि भिंगाने ती सगळी शक्ती मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या टिंबात ओतायची. तिथे इलेक्ट्रॉन अणूंपासून सुटतात, सुटलेले इतरांना धडकून सोडवतात, आणि काचेचा तो सूक्ष्म कण एकदम विद्युतभारित वायू होऊन जातो.

यात मला सर्वांत सुंदर वाटते ते हे, की जिथे प्रकाश पुरेसा दाट नाही तिथे काहीच होत नाही. ठोका काचेच्या वरच्या पृष्ठभागातून आत शिरतो तेव्हा तो पसरट असतो. काच त्याला नेहमीप्रमाणे जाऊ देते. भिंगाने ठरवलेल्या खोलीवर तो एकवटतो आणि तिथेच घाव बसतो. वरून आत जाणारी वाट शाबूत. काचेच्या पोटात टिंब उमटते आणि पृष्ठभागावर ओरखडासुद्धा नाही. अशी टिंबे एकाशेजारी एक काढत गेलो की रेघ होते. कोणत्याही सुरीला हे जमणार नाही, कारण सुरीला आत जायचे तर वरून कापतच जावे लागते.

आणि उष्णतेचे काय? ज्वारीची भाकरी हाताने उलटणारी बाई तव्याला बोट लावते, पण भाजून घेत नाही, कारण उष्णता कातडीत शिरायच्या आत तिचे बोट निघालेले असते. इथेही तसेच. इलेक्ट्रॉनांनी घेतलेली ऊर्जा अणूंपर्यंत पोचून पदार्थ तापायला काही पिकोसेकंद, म्हणजे काही हजार फेम्टोसेकंद लागतात. ठोका तोवर संपलेला असतो. टिंबातला पदार्थ उडून जातो, शेजाऱ्याला झळ जवळजवळ लागत नाही. अगदीच लागत नाही असे कोणी जाहिरातीत म्हणाले तर विश्वास ठेवू नका. सेकंदाला लाखो ठोके मारले की थोडी थोडी उष्णता साचते, आणि ती साचू न देता वेग कसा वाढवायचा हेच या यंत्रांच्या कारागिरीतले खरे काम आहे.

पण इतका आखूड आणि इतका जोरदार ठोका तयार करणे बराच काळ जमत नव्हते. ठोक्याची शक्ती वाढवायला गेले की तो ज्या स्फटिकातून वाढवायचा तो स्फटिकच फुटे. यावरची तोड १९८५ साली अमेरिकेत रॉचेस्टर विद्यापीठात निघाली. जेरार मुरू हे प्राध्यापक आणि डॉना स्ट्रिकलंड ही त्यांची विद्यार्थिनी. गणपतीची मोठी मिरवणूक अरुंद बोळातून न्यायची असली तर आपण काय करतो? लोकांना लांबलचक रांगेत पसरवतो आणि पलीकडच्या मैदानात पुन्हा एकत्र करतो. त्यांनी ठोक्याचे तेच केले. आधी तो हजारो पटींनी लांबवला, त्यामुळे त्याचा जोर विरळ झाला. मग तो निर्धास्तपणे वाढवला. शेवटी दाबून पुन्हा आखूड केला. या कामासाठी दोघांना २०१८ चे नोबेल मिळाले. भौतिकशास्त्राचे नोबेल मिळालेली स्ट्रिकलंड ही तिसरी स्त्री. पहिली मादाम क्युरी, आणि दुसरी १९६३ ची, तीच गोपर्ट-मायर, जरी तिचे नोबेल अणुकेंद्रावरच्या दुसऱ्या कामासाठी असले तरी. एकीने सांगितले की प्रकाश दाट केला तर पारदर्शक वस्तूही त्याला अडवील. दुसरीने तो दाट करून दाखवला. मधे चौपन्न वर्षे गेली.

आज या लेसरचे काम आपल्या खिशात आहे. मोबाइलच्या पडद्याची काच पोटॅशियमच्या क्षाराच्या तापलेल्या द्रवात बुडवून कणखर केलेली असते. काचेतले सोडियमचे छोटे अणू बाहेर येतात, त्यांच्या जागी पोटॅशियमचे मोठे अणू दाटीने बसतात आणि पृष्ठभाग स्वतःलाच आवळून धरतो. तिच्यावर चाकाचा कटर चालवला तर तडा भलतीकडे जायचा. इथे फेम्टोसेकंद किंवा पिकोसेकंद लेसर विशेष भिंगातून असा सोडतात, की त्याचा एकवटलेला भाग टिंब न राहता काचेच्या जाडीभर उभी सुई होतो. एका ठोक्यात एक आरपार बारीक छिद्र. मिलिमीटरला शेकडोंच्या हिशेबाने अशी छिद्रे काढत गोल, चौकोनी, हव्या त्या वळणाने जायचे. जुन्या टपाल तिकिटांच्या पानावर छिद्रांची ओळ असे ना, तशी. मग जरासा ताण दिला की काच त्या ओळीवर सुटते. रॉकेल नाही, भुसा नाही, कडा घासत बसणे फारसे नाही.

घरातल्या एलईडी दिव्याचेही तसेच. त्यातला प्रकाश देणारा कण बहुधा कृत्रिम नीलमण्याच्या, म्हणजे सफायरच्या चकतीवर वाढवतात. एका चकतीवर असे हजारो कण. ती चकती कापून कण सुटे करायचे. नीलम कडकपणात हिऱ्याच्या खालोखाल, त्यामुळे हिऱ्याच्या टोकाने रेघा मारल्या तर टोक लवकर झिजते आणि कणांच्या कडा उडतात. म्हणून लेसरने चकतीच्या पोटात रेघा ओढतात आणि मग ती फोडतात. फ्रेमवाल्याचीच रीत आहे पाहा, आधी चरा, मग अंगठ्याचा दाब. फक्त चरा आता आत गेला आहे. आणि हिऱ्याचे म्हणाल, तर सुरतेत खुद्द हिरेच आता लेसरने कापतात.

आता डोळ्याकडे वळू.

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होऊन वर्ष-दोन वर्षांनी आजी म्हणते, "परत धुरकट दिसायला लागलं." डॉक्टर तपासून सांगतात, की मागे पडदा आलाय, लेसरने उडवू. हुबळीत डोळ्यांच्या चांगल्या दवाखान्यांची परंपरा आहे. डॉ. एम. एम. जोशी यांच्या रुग्णालयाचे नाव तर कारवारपासून विजापूरपर्यंत लोक घेतात. त्यामुळे हा पडद्याचा लेसर करून आलेले माणूस आपल्या बहुतेक नातेवाइकांत सापडेल. खुर्चीवर बसायचे, हनुवटी टेकवायची, बारीक टक् टक् आवाज, पाच-दहा मिनिटांत घरी. बहुतेकांच्या लक्षात येत नाही की किरण डोळ्याच्या पारदर्शक पडद्यातून, मग बसवलेल्या कृत्रिम भिंगातून, या कोणालाही न दुखवता मागच्या पडद्यावर जाऊन तिथेच फुटतो. काचेच्या पोटातले टिंब ते हेच. फ्रान्सच्या डॅनिएल आरों-रोझा आणि स्वित्झर्लंडचे फ्रान्झ फँकहाउझर यांनी १९८० च्या सुमारास ही पद्धत आणली. आज त्यासाठी वापरतात तो ठोका काही नॅनोसेकंदांचा, म्हणजे फेम्टोसेकंदांच्या मानाने फार लांब. म्हणून त्यात ऊर्जाही हजारपट जास्त घालावी लागते आणि फुटताना आजूबाजूला धक्का बसतो. नको असलेला पडदा फोडायला ते चालते. कॉर्नियावर कलाकुसर करायला चालणार नाही.

कॉर्नियापर्यंत फेम्टोसेकंद लेसर पोचला तो एका अपघाताने. मुरू तोवर मिशिगन विद्यापीठात गेले होते. १९९३ च्या सुमारास त्यांच्या प्रयोगशाळेत एका विद्यार्थ्याच्या डोळ्यात लेसरचा किरण गेला. त्याला नेत्रविभागात नेले तेव्हा रॉन कुर्त्झ हे तरुण डॉक्टर तिथे होते. दृष्टीला मोठी इजा झाली नव्हती, पण त्यांना नवल वाटले ते जखमेचे. ती नको तितकी गोल आणि नेटकी होती, भोवती भाजल्याची खूण नाही. हा लेसर कुठला, असे विचारत ते प्रयोगशाळेत गेले. तिथून तिबोर युहास या भौतिकशास्त्रज्ञाबरोबर काम सुरू झाले, कंपनी निघाली, आणि नव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत हे यंत्र रुग्णांसाठी आले.

चष्मा घालवण्याच्या लॅसिक शस्त्रक्रियेत दोन कामे असतात. कॉर्निया साधारण अर्धा मिलिमीटर जाड. त्याच्या वरच्या थराची, मिलिमीटरच्या एक दशांश जाडीची झडप करून ती पुस्तकाच्या पानासारखी उलटायची, हे पहिले. आतला भाग नंबरप्रमाणे तासायचा, हे दुसरे. तासण्याचे काम अतिनील किरणांचा वेगळा लेसर करतो. (त्याची गोष्टही मजेची आहे. मद्रासकडचे रंगस्वामी श्रीनिवासन हे अमेरिकेत आयबीएममध्ये होते. १९८१ मध्ये त्यांनी सणाच्या जेवणातून उरलेले टर्कीचे हाड प्रयोगशाळेत आणून त्यावर हा लेसर चालवून पाहिला.) झडप पूर्वी रंध्यासारख्या यांत्रिक पात्याने करत, अजूनही काही ठिकाणी करतात. फेम्टोसेकंद लेसर तीच झडप आतून करतो. ठरलेल्या खोलीवर लाखो सूक्ष्म बुडबुड्यांची चादर अंथरतो आणि मग थर हलकेच उचलतात. आणखी नवी पद्धत झडपच करत नाही. कॉर्नियाच्या पोटात एक चकती वरून-खालून लेसरने कोरायची आणि दोन-चार मिलिमीटरच्या चिरेतून ओढून काढायची.

मग नातीने लेसर निवडावा का? झडपेपुरते बोलायचे तर जाडी सारखी राखण्यात लेसर पात्यापेक्षा सरस आहे, आणि माझे मत त्याच्या बाजूचे आहे. पण त्याआधीचा प्रश्न मोठा. शस्त्रक्रिया करण्याजोगा डोळा आहे का? कॉर्निया पुरेसा जाड आहे का, त्याचा आकार कुठे कमकुवत होऊन पुढे येतो आहे का, नंबर एक-दोन वर्षे स्थिर आहे का, डोळे कोरडे पडतात का, हे तपासल्याशिवाय कुठलाच लेसर कामाचा नाही. तपासणीत नको असे निघाले तर तेवढ्यावर थांबणारा डॉक्टर चांगला समजावा. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असल्याने आपल्याकडची मुले सैन्यात जाण्याची स्वप्ने पाहतात. चष्मा अडसर होईल म्हणून काहीजण घाईने लॅसिक करून घेतात. भरतीच्या प्रत्येक शाखेचे याबाबतचे नियम वेगळे असतात. ते आधी वाचावेत, शस्त्रक्रिया नंतर.

आजीची गोष्ट वेगळी. पुष्कळांचा समज असतो की मोतीबिंदू लेसरनेच काढतात. साध्या, रोजच्या शस्त्रक्रियेत लेसर नसतोच. बारीक चिरेतून ध्वनिलहरींच्या सुईने गढूळ भिंग फोडून शोषून घेतात आणि कृत्रिम भिंग बसवतात. महागड्या पर्यायात फेम्टोसेकंद लेसर आधी चिरा पाडून देतो, भिंगाच्या पिशवीवर गोल झरोका कोरतो आणि भिंगाचे तुकडे पाडतो. बुडापेस्टचे झोल्टान नाज यांनी हे २००८ साली प्रथम केले. झरोका खरेच कंपासने काढल्यासारखा गोल येतो. पण पुढचे काम, सुई आणि भिंग, डॉक्टरांच्या हातानेच होते.

इतक्या नेमकेपणामुळे निकाल सुधारतो का? हे तपासायला फ्रान्समध्ये पाच रुग्णालयांत सुमारे नऊशे रुग्णांवर चाचणी झाली, तिचा अहवाल २०२० मध्ये आला. ब्रिटनमध्ये ७८५ रुग्णांवर तशीच दुसरी झाली. दोन्हींचा निष्कर्ष एकच निघाला. लेसरने केलेली शस्त्रक्रिया सुरक्षित आहे, पण नेहमीच्या पद्धतीपेक्षा तिचा निकाल चांगला नाही, आणि खर्च जास्त आहे. काही अवघड डोळ्यांत डॉक्टरांना तिचा उपयोग वाटत असेल, तो त्यांनी तुमच्या आजीच्या डोळ्याबद्दल स्पष्ट करून सांगावा. नुसते 'आधुनिक आहे' हे कारण पुरेसे नाही. ऑपरेशनला उशीर नको म्हणून चारजणांकडून पैसे गोळा करणारे घर असेल, तर ते वाढीव पैसे गोळा करायची गरज नाही. तपासणी, भिंगाची प्रत आणि अनुभवी हात यांवर ते आधी खर्च व्हावेत. कागदावर 'लेसर' लिहिले असेल तर कोणते काम लेसर करणार आणि कोणते हाताने होणार, एवढे विचारायला संकोच नको.

नातीला मात्र आणखी एक गोष्ट सांगायला हवी. आज लॅसिक केले तरी चाळिशीत जवळचे वाचायला चष्मा लागायचाच. तो कॉर्नियाचा दोष नसून आतले भिंग वयाने ताठर होते म्हणून लागतो. त्या भिंगाच्या पोटातच फेम्टोसेकंद लेसरने बारीक रेघा ओढून ते पुन्हा मऊ करता येईल का, असे प्रयोग गेली वीसएक वर्षे काही संशोधकांनी करून पाहिले आहेत. पारदर्शक भिंग, आत रेघा, वर ओरखडा नाही, कल्पना अगदी या लेसरला साजेशी. पण ती अजून नेहमीच्या दवाखान्यात आलेली नाही. चाळिशी लागली की अजून तरी चष्म्याच्या दुकानातच जायचे.